कपिलधारच्या अलीकडे, गाडी निवेपर्यंत

बीडजवळच्या कपिलधारच्या धबधब्यावर जायचं हे आईने मार्चमध्ये ठरवलं, ते डोळ्यांच्या डॉक्टरांचा जिना उतरताना. काचबिंदू आहे, कडेची नजर बरीच गेली आहे, गेली ती परत येणार नाही, उरलेली टिकवायची, असं त्यांनी नुकतंच समजावून सांगितलं होतं. हा आजार घराण्यात उतरतो, तुम्हीही एकदा तपासून घ्या, असं सांगून त्यांनी माझ्याही नावाची एक चिठ्ठी लिहून दिली. ती मी पर्समध्ये टाकली आणि घरी आल्यावर फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवली. आई मात्र कठडा धरून एकेक पायरी उतरत म्हणाली, "नंदा, कपिलधारची धार एकदा बघून घेते. लग्नाआधी गेले होते, मग राहूनच गेलं."

आईचं माहेर गेवराई तालुक्यातलं उमापूर. आम्ही राहतो नगरला. मी शाळेत भूमिती शिकवते आणि सुटीत गाडी घेऊन भटकते, हे इथे नेहमी वाचणाऱ्यांना माहीत आहे. या वेळी अट एकच होती: दिवसाउजेडी पोचायचं. आईला समोरचं दिसतं, पण फुंकणीतून बघितल्यासारखं, गोल आणि तेवढंच. ऊन कलायला लागलं की तेही पुसट होतं. आणि धार बघायची तर पावसाळा सरायच्या आत जायला हवं, कारण पुढे ती बारीक होत जाते. म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी रजा टाकली, शुक्रवारी गाडीत पेट्रोल भरलं आणि चाकांत हवा भरली. बॉनेट उघडायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

नगरहून सकाळी सहाला निघालो. शेवगावात चहा आणि गरम भजी झाली, बोधेगाव मागे टाकलं आणि साडेनऊच्या आत उमापूर. रस्ता मधेमधे खडबडीत आहे, पण दोन्ही बाजूंना ऊस आणि कापूस इतका दाट होता की खड्ड्यांबद्दल फार तक्रार करवत नव्हती. मामांच्या दारात पाय ठेवला आणि आईची बोली बदलली. नगरला इतकी वर्षं राहून ती आमच्यासारखंच बोलते. इथे आली की दोन वाक्यांत 'लई' आणि 'न्हाई' सुरू. मला हे ऐकायला नेहमीच आवडतं.

खरा बेत तासाभरात निघायचा होता. मामींना तो मान्य नव्हता. येसर, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्यांची पूड, घातलेली आमटी, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर दही, एवढं झाल्याशिवाय उंबरा ओलांडू देणार नाही असं त्यांनी सांगितलं, आणि येसरचा वास आल्यावर मीही फार ताणून धरलं नाही. तेवढ्या वेळात मामेभाऊ बाळूने माझी गाडी धुऊन काढली. तो कौतुकाने सगळीकडे डोकावतो. "ताई, ह्यातलं पानी लईच कमी झालंय," असं म्हणून त्याने इंजिनाशेजारच्या पांढऱ्या डब्यात बोअरचं पाणी ओतलं. मी अंगणातूनच हो हो म्हटलं. डब्यात कूलंट घालायचं असतं हे मला माहीत होतं. पण गेली दोन वर्षं मीही पाणीच घालत होते, आणि ते कमी का होतं हे कधी विचारलं नव्हतं.

दीड वाजता निघालो. गेवराई गेली, गढी आली, महामार्ग सरळ आणि झकास. एसी लावला होता. मी अंतराचं आणि वेळेचं गणित करत होते: तीनला बीड, साडेतीनला कपिलधार, सहापर्यंत धार बघत बसायचं. तेवढ्यात आई म्हणाली, "नंदा, ती लाल खूण कसली गं?"

समोरच्या पट्टीवर थर्मामीटरसारखं लाल चित्र लुकलुकून गेलं होतं. मी बघेपर्यंत गेलंही. मी म्हटलं, काही नाही, ऊन आहे म्हणून असेल. बीडच्या बाह्यवळणावर ते पुन्हा लागलं. मग मी थांबले, पाच मिनिटांनी पिण्याच्या पाण्याच्या दोन्ही बाटल्या त्या डब्यात रिकाम्या केल्या आणि दिवा गेला हे बघून स्वतःवर खूश होऊन निघाले. पाणी संपलं, पाणी घातलं, प्रश्न सुटला. वर्गात एखाद्या पोरीने असं उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं, कारण आधीचं पाणी गेलं कुठे हे तिने लिहिलंच नाही.

मांजरसुंब्याकडच्या चढाला लागलो आणि दिवा लागला तो लागलाच. शेजारचा काटा वर वर जाऊन टोकाला टेकला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. गाडी तापली तर काय करायचं हे इतक्या वेळा वाचलं होतं, पण त्या क्षणी मला आठवलं एवढंच की थांबायचं. डावीकडे रुंद जागा मिळाली. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, चारी दिवे लुकलुकते ठेवले, मागच्या चाकाला दगड लावला आणि आईला हात धरून रस्त्यापासून लांब एका कडुलिंबाच्या सावलीत नेऊन बसवलं. घड्याळात तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. सूर्य मावळायला अडीच तास.

माझा स्वभाव असा की वाट बघायची म्हटलं की मला राग येतो, आणि राग आला की हात चालवावेसे वाटतात. बॉनेट उघडलं, दांडी लावली, ओढणी हाताला गुंडाळली आणि रेडिएटरच्या टोपणाला हात घातला. तेवढ्यात मागून कुणीतरी माझं मनगट धरलं. घट्ट, गुराचं दावं धरावं तसं.

"बाई, हात काढा. तापल्यालं हाय ते. तोंडावर उडंल."

पन्नाशीची बाई होती. नऊवारीचा काष्टा, काखेत कोकरू, दुसऱ्या हातात माझं मनगट. तिच्या मागे चढावरून मेंढरं येत होती, शंभर-सव्वाशे तरी असतील, आणि त्यांच्यामागे काठी टेकत तिचा नवरा. तिचं नाव गयाबाई. या रस्त्याच्या कडेने मेंढरं चारत तिची वर्षं गेली होती आणि या घाटात हात भाजून घेतलेले किती ड्रायव्हर तिने बघितले होते ते ती मोजत बसली नव्हती. मी विचारलं, मग किती वेळ थांबायचं? मला आकडा हवा होता. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, काहीही.

"ते आपुन कोन सांगनार," ती म्हणाली. "त्येच सांगंल."

नगरला आमच्या नेहमीच्या मेकॅनिकला फोन लागला. त्यानेही तेच सांगितलं, फक्त वेगळ्या शब्दांत: पूर्ण गार झाल्याशिवाय टोपणाला हात लावू नका, गरम इंजिनात गार पाणी घालू नका, आणि नंतर गाडी न्यायची वेळ आली तर एसी बंद आणि हीटर पूर्ण चालू, म्हणजे इंजिनातली उष्णता थोडी बाहेर निघेल. हे तिन्ही मुद्दे लिहून ठेवा. मी त्या दिवशी ते हातावर पेनाने लिहिले.

पण मला खरं समजलं ते मेंढरांमुळे. चढ चढून आलेली एक मेंढी जीभ काढून धापा टाकत होती. गयाबाईने कॅनमधलं पाणी घमेल्यात ओतलं होतं, आणि ती मेंढी तिकडे झेपावत होती, तर ही तिला गुडघ्याने अडवून उभी. आईने विचारलं, "कावून थांबीवलंस गं तिला? तहानलीय की ती."

"तापल्याल्या जनावराला लगी पानी न्हाई पाजायचं, आक्का. पोट धरतं. आदी सावलीत हुबं करायचं, धाप उतरू द्यायची." आणि तिने हाताची पालथी बाजू मेंढीच्या कानाला लावली. "कान गार झाला की मंग."

थोड्या वेळाने तिने पुन्हा कान चाचपला आणि मेंढीला सोडलं. मग ती सरळ माझ्या गाडीकडे आली आणि तीच पालथी बाजू हलकेच बॉनेटच्या पत्र्याला लावली. "अजून न्हाई," म्हणाली आणि आईशेजारी जाऊन बसली. मला हसू आलं, आणि मग आलं नाही. कुठलंही माप हातात नसलेली ती बाई माझ्यापेक्षा नेमकं मोजत होती.

वाचकहो, मी घाटांतून खूप फिरले आहे, पण घाटात बसून राहिले नव्हते. पावसाने धुतलेले बालाघाटचे डोंगर समोर एकामागे एक हिरवे उभे होते. खाली बीडकडची सपाट जमीन, तिच्यात बाजरीचे पिवळे तुकडे, सोयाबीन, मधेच एखादा तळ्याचा चकाकता कोपरा. ढगाची सावली या टोकावरून त्या टोकाला सरकायला किती वेळ लागतो ते मी पहिल्यांदा शेवटपर्यंत बघितलं. मेंढरं आमच्याभोवती बसली. लोकरीचा, ओल्या गवताचा वास होता. महामार्गावरून गाड्या जात होत्या आणि त्यांचा आवाज आमचा नव्हताच जणू. एवढं मोठं सगळं रोज इथे असतं आणि मी ऐंशीच्या वेगाने त्याच्या बाजूने निघून गेले असते. छाती भरून आली, खोटं कशाला बोलू.

आई आणि गयाबाईचं तोपर्यंत माहेर-सासर, वडवणीचा बाजार, कोकरांचे भाव असं सगळं झालं होतं. गयाबाई मेंढरं वळवायला उठली तशी आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "गढीला मी म्हटलं होतं."

"हो."

"तू 'काही नाही' असं म्हणालीस."

"हो."

मला जे आठवायचं ते आठवलं. दोन वर्षांपूर्वी आईचा चहा कपाबाहेर सांडायला लागला होता. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. तिने मला सांगितलं होतं, नंदा, बाजूचं नीट दिसत नाही. आणि मी वह्या तपासता तपासता म्हटलं होतं, काही नाही, चष्म्याचा नंबर वाढला असेल, जरा लक्ष देऊन चाल. नंबर वाढवून आणलाही. दिवा गेला, निघालो पुढे. त्या लिंबाखाली मी पहिल्यांदा ते मोठ्याने म्हणाले, "आई, तेव्हाच डॉक्टरकडे गेलो असतो तर?"

तिने जरा विचार केला. मला वाटलं ती समजूत घालेल. "तर जरा जास्त दिसलं असतं," ती म्हणाली. मग माझा हात हातात घेतला आणि धरून ठेवला. मी रडले थोडी. मेंढरांना काही फरक पडला नाही.

पाच वाजायला आले तेव्हा गयाबाईने तिसऱ्यांदा पत्र्याला हात लावला, मग वाकून वरच्या रबरी पाइपलाही. "आता उगडा." मी जाड फडकं घेऊन टोपण थोडं थोडं फिरवलं. एक हलका सुस्कारा निघाला, बस. आत ठणठणाट होता. माझ्या बाटल्या रिकाम्या होत्या. तिने स्वतःचा पाच लिटरचा कॅन आणला. त्यात कोकरांचं आणि त्यांचं दोघांचं संध्याकाळचं पाणी होतं. मी पैसे काढले तर तिने कॅन मागे घेतला. मी पैसे आत ठेवले तसा कॅन पुढे आला. पाणी आत गेलं आणि तेव्हा दिसलं: खालच्या पाइपच्या टोकाशी, क्लिपजवळ, थेंब थेंब गळत होतं. पांढऱ्या क्षाराची साय धरलेली होती तिथे. म्हणजे हे गळणं आजचं नव्हतं.

निघालो. चारी काचा उघड्या, सप्टेंबरच्या उकाड्यात हीटर पूर्ण चालू, पायांवर भट्टी. काटा मधोमध. चढ संपला आणि उजवीकडे कपिलधारची कमान आली. इथून आत वळलं की धार, सरळ गेलं की मांजरसुंबा आणि गॅरेज. सव्वापाच. अजून पाऊण-एक तास उजेड होता. मी गाडी कमानीसमोर उभी केली. दिवा लागलेला नव्हता, काटा जागेवर होता, आणि जिच्यासाठी आलो ती शेजारी बसली होती. मी म्हटलं, आई, आधी धार बघून येऊ. पाणी घातलंय, जाईल तेवढं.

"सरळ चल," आई म्हणाली.

"आई, उजेड जाईल."

"जाईल. सकाळी येईल की. सरळ चल."

मांजरसुंब्याचा मेकॅनिक माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होता आणि त्याने मला शाळेतल्या मुलीसारखं रागावलं. पाइपचं टोक चिरलं होतं. त्याने तेवढं कापून पाइप पुन्हा बसवला, नवीन क्लिप आवळली, आतलं क्षाराचं पाणी सोडून दिलं आणि हिरवं कूलंट घातलं. "बोअरचं पानी घालून रेडिएटर चोंदवलाय तुमी," म्हणाला. सगळे मिळून साडेसातशे रुपये. आणखी वीस मिनिटं गाडी चालवली असती तर इंजिन उघडावं लागलं असतं, आणि तो आकडा त्याने सांगितला तेव्हा मी खुर्ची शोधली.

कपिलधारला पोचलो तेव्हा डोंगराआड सूर्य गेलेला होता. धारेचा आवाज येत होता, पण आईला पायरीसुद्धा दिसत नव्हती. भक्तनिवासात खोली मिळाली, साधी, स्वच्छ, तीनशे रुपये. शेजारच्या खानावळीत पिठलं-भाकरी खाल्ली. आई शांत झोपली. मी तो आवाज ऐकत पडून होते आणि ढग येऊ नयेत म्हणून मनातल्या मनात प्रार्थना करत होते, जी मी एरवी करत नाही.

सकाळी ढग नव्हते. तिथल्या संतांच्या समाधीचं दर्शन घेऊन आठच्या सुमाराला पायऱ्यांनी खाली गेलो. कड्यावरून ऊन खाली उतरत होतं आणि त्याच्याबरोबर धार उजळत येत होती. मी सवयीने फोन काढला, एक फोटो घेतला, दुसरा घेतला, माझं बघून झालं. आई बघतच होती. तिला सगळी धार एकदम दिसत नाही ना. म्हणून ती वरून सुरू करायची: कड्याच्या ओठाशी पाण्याचा एक झुबका धरायची आणि मान हळूहळू खाली आणत त्याच्याबरोबर कुंडापर्यंत यायची. मग पुन्हा वर. ओठ किंचित उघडे, तोंडावर तुषार, आणि मान वर-खाली, वर-खाली, पाऊण तास.

मी दोन्ही मुठींची नळी केली आणि डोळ्याला लावली. तिच्याएवढंच दिसेल असं गोल केलं आणि एक झुबका धरला. तो सुटला, मधे एका कपारीवर फुटला, त्याचे दोन झाले, एक नेच्यांवर सांडला, दुसरा उन्हात आला आणि क्षणभर पाण्याचा न राहता निव्वळ चकाकी झाला, आणि मग गेला. इतकी वर्षं मी धबधबे बघत आले, त्यांतलं पाणी मात्र त्या दिवशी बघितलं. आणि त्याच वेळी हेही कळलं की नळीच्या बाहेर सगळा काळोख असतो. आई तिथे राहते. मी मुठी खाली घेतल्या आणि तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले.

"होती तशीच हाय," आई म्हणाली.

परतताना बीडकडे उतरण्याआधी मी मांजरसुंब्याला मुद्दाम जाऊन पाच लिटरचा नवा कॅन घेतला आणि पिण्याच्या पाण्याने भरला. लिंबाखाली कुणी नव्हतं. लेंड्या आणि चेपलेलं गवत तेवढं. पलीकडच्या शेतात खुरपणाऱ्या बायांनी सांगितलं की पहाटेच उठून गेले, कुठे ते सांगता येणार नाही. तो कॅन अजून माझ्या डिकीत आहे, भरलेला. त्याच्या शेजारी कूलंटची बाटली आहे. तुम्हीही ठेवा.

घरी आल्यावर फोटो उतरवून घेतले तर कपिलधारचे निघाले दोन. ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते त्यांत नाही. सोमवारी सकाळी दूध काढायला फ्रिज उघडला आणि चुंबकाखालची चिठ्ठी समोर आली. सहा महिने ती तिथेच होती आणि मी रोज तिच्यावरून दूध काढत होते.

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले. आई बरोबर आली, बाहेरच्या बाकावर बसली. किती वेळ लागेल असं मी आत विचारलं तर म्हणाले, घाई करू नका. एका पांढऱ्या घुमटासमोर हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, आणि कडेला कुठेही बारीकसा दिवा लागलेला दिसला की हातातलं बटण दाबायचं. एवढीच परीक्षा. मी आयुष्यात कुठल्या पेपरला बसले नसेन एवढं मन लावून बसले. जो जो दिवा दिसला त्याला बटण दाबलं, पुसटातल्या पुसटालाही. किती दिसले नाहीत ते मला माहीत नाही. रिपोर्ट गुरुवारी मिळणार आहे.